उपदेशकांची विमाने

काही जण म्हणतात, फिरत्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाला विमान लागतंच. लागेल ना! पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात मिशनऱ्यांचं छोटं विमान गवताच्या धावपट्टीवर उतरतं, औषधं पोचवतं, आजाऱ्याला घेऊन जातं. त्याला कोण नावं ठेवतंय?

पण 2018 मध्ये अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक जेसी डुप्लांटिस यांनी भक्तांकडे 5.4 कोटी डॉलरचं फाल्कन 7एक्स हे खासगी जेट मागितलं. वर समर्थन काय, तर येशू आज असता तर गाढवावर बसला नसता! (येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल मात्र तंबू शिवून पोट भरायचा.)

खरी मेख हिशेबात आहे. अमेरिकेत चर्चला इतर धर्मादाय संस्थांसारखं वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही. अमेरिकी सिनेटर ग्रासली यांनी 2007 मध्ये टीव्हीवरच्या उपदेशकांच्या सहा संस्थांकडे खर्चाचा तपशील मागितला. 2011 मध्ये चौकशी गुंडाळली, दंड कुणालाच नाही.