अंबडचे मशीन शॉप, दिंडोरी रोडचं पॅकहाऊस, दोन सोसायट्या: नेट झिरोचा हिशेब एकत्र कसा मांडायचा?

वहीखाते:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले तीन छोटे मशीन शॉप, दिंडोरी रोडवरचं एक द्राक्ष पॅकहाऊस आणि इंदिरानगरच्या दोन सोसायट्या असा गट जमतोय. नेट झिरोचं (निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं) देशाचं लक्ष्य २०७० चं आहे, गटाने २०४० धरलंय. पण पहिल्याच बैठकीत गाडी झाडं लावण्यावर गेली. आकडे कुणाकडेच नाहीत. आधारवर्ष (ज्याच्याशी पुढची तुलना करायची ते) कोणतं धरावं, कागद कोणते मागवावेत, आणि एकाच धुराची नोंद दोघांच्या नावावर होऊ नये म्हणून काय करावं?

मीटरवाचक:
झाडांचं आधी मिटवतो. मोठं झाड वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं तरी १०० टनांना ५,००० झाडं लागतात. ती जागा गटात कुणाकडे आहे?

एप्रिल ते मार्चची वीजबिलं, जनरेटर आणि गाड्यांच्या डिझेलच्या पावत्या, सिलिंडर किंवा पीएनजीची बिलं, आणि एसी-कोल्ड स्टोरेजमध्ये गॅस भरल्याच्या पावत्या मागवा. स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेला गॅस) आणि २ (विकत घेतलेली वीज) यातच उरकतात; बाकी सगळं अप्रत्यक्ष ते स्कोप ३. कार्बन डायऑक्साइडचे गुणक असे: ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७२ किलो, डिझेल लिटरला २.६८ किलो, १९ किलोचं सिलिंडर साधारण ५७ किलो. विजेचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुधारत असतं, म्हणून कोणत्या वर्षाचा घेतला ते शीटमध्ये लिहा.

घोळ होतो तो बिल वाचताना. एचटी (उच्चदाब) बिलाची आकारणी केव्हीएएचवर असते. गुणक लावायचा तो केडब्ल्यूएचला, म्हणजे खऱ्या युनिटला. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९ असला तर तिथेच ११ टक्क्यांची चूक होते. सोलर असेल तर निव्वळ युनिट घेऊ नका, ग्रिडकडून आलेले आयात युनिट घ्या. निर्यात वेगळ्या रकान्यात. डिझेलही खरेदीवर नाही: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा.

दुहेरी मोजणीचं म्हणाल तर एका शॉपने दुसऱ्याकडे जॉबवर्कला दिलेला माल ज्याच्या मीटरवर चालतो, वीज त्याची. देणाऱ्यासाठी तो स्कोप ३. गटाच्या बेरजेत फक्त १ आणि २ घ्या, ३ प्रत्येकाने आपापल्या शीटमध्ये ठेवावा. सोसायटीचा ओला कचरा घंटागाडीतून गेला तर त्याचा मिथेनही सोसायटीच्या स्कोप १ मध्ये येत नाही.

थंडघर:
एप्रिल-मार्च पॅकहाऊसला चालणार नाही. निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ३१ मार्चला तो मधेच कापला जातो. हंगाम एप्रिलमध्ये लांबला की एका वर्षाचा आकडा उगाच फुगतो आणि पुढच्या वर्षी 'बचत' दिसते. सगळ्यांनीच जानेवारी-डिसेंबर धरा. अवकाळीने माल गेलेलं वर्ष आधाराला नको, आणि पॅकहाऊसचा आकडा द्राक्षांच्या टनामागे किती किलो असाही मांडा.

आता खरा चोर. कोल्ड स्टोरेजमध्ये आर-४०४ए हा थंड करणारा गॅस असेल तर त्याचा तापमानवाढीचा गुणक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) ३,९२२ आहे. हंगामात ५ किलो गॅस भरला म्हणजे ५ किलो गळालेला होता: साडेएकोणीस टन. तेवढ्यात सुमारे २७,००० युनिट वीज बसते! अमोनियाच्या प्लांटला हा प्रश्न नाही, त्याचा गुणक शून्य.

पावतीवर बहुतेकदा नुसतं 'गॅस चार्जिंग' लिहिलेलं असतं, किलो नसतात. मेकॅनिकचा सिलिंडर भरण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा आणि फरक पावतीवर लिहून घ्या. गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरजवळ कंपनाने घासणाऱ्या बारीक नळ्या, आधी तिथेच साबणाचं पाणी लावा.

वहीखाते:
जानेवारी-डिसेंबर पटलं. मशीन शॉपवाले म्हणतात, आमच्याकडे वीज सोडून काहीच नाही, मग कमी काय करणार?

हवाबंद:
हवेचा कॉम्प्रेसर. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा, लाइनमधले व्हॉल्व्ह उघडेच असू द्या. लोडवर (हवा भरताना) किती वेळ राहतो आणि अनलोडवर (रिकामा फिरताना) किती, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोजा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. दीड मिनिट लोड आणि साडेचार अनलोड आले तर २५ टक्के हवा फुकट जाते. १० च्या आत यायला हवं.

७ बार दाबाला ३ मिमीचं एक भोक साधारण ३ किलोवॅट खातं. दोन पाळ्यांत वर्षाला ४,८०० तास, म्हणजे १४,४०० युनिट, दहा टन. क्विक कपलिंग, एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊल, कडक झालेले पीयू पाइप आणि एअर गनचे ट्रिगर आधी बघा. मग प्रेशर उतरवा: ७ बारवर भागत असताना ८ ठेवलं तर ६-७ टक्के वीज जास्त जाते. पण गळती काढण्याआधी प्रेशर उतरवलंत तर टोकाच्या मशीनचा चक (जॉब पकडणारा भाग) सुटेल, आणि ऑपरेटर दुपारपर्यंत नॉब परत फिरवून ठेवेल.

मीटरवाचक:
सोसायट्यांचं राहिलं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॅट सोलर बसवलं तर वर्षाला साधारण १४,००० युनिट. सावली नसलेली १,००० चौरस फूट गच्ची लागते. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात बघा, मे महिन्यात ती आखूड दिसते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनल बोअरच्या जड पाण्याने धुतले तर क्षाराचा पांढरा थर बसतो. टँकर मागवण्यापेक्षा नळाचं पाणी भल्या सकाळी, काच गार असताना.

आणि मशीन शॉपच्या पत्र्यांवर कुणी भाड्याने सोलर टाकून देतो म्हणाला, तर हरित प्रमाणपत्रं कुणाच्या नावावर जातात ते करारात बघा. त्याने ती विकली, तर ते युनिट गटाच्या हिशेबात शून्य उत्सर्जनाचे धरता येणार नाहीत.