सल्ला हवा: सत्तेशी जुळवून घेणाऱ्या नटावरचा चित्रपट

निशिगंध:
आमच्या हौशी नाट्यमंडळात महिन्यातून एकदा सगळे मिळून सिनेमा पाहतो, मग त्यावर बोलतो. पुढच्या वेळी 'मेफिस्टो' (१९८१) लावावा असं मनात आहे. जर्मनीचा इतिहास फारसा माहीत नसलेल्यांना तो झेपेल का? मूळ कादंबरी आधी वाचायला हवी का? जोडीला काय दाखवता येईल?

विंगेतून:
नक्की लावा. नाटकवाल्यांनी तर पाहायलाच हवा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला एवढं माहीत असलं तरी पुरे. हेंड्रिक होफगेन हा हॅम्बुर्गचा नट आधी कामगारांसाठी क्रांतिकारी नाटकं करायला निघालेला असतो आणि पुढे नाझींच्या बर्लिनमध्ये सरकारी नाट्यगृहाचा प्रमुख होतो. त्याच्यावर कोणी पिस्तूल रोखत नाही. त्याला भूमिका हव्या असतात, टाळ्या हव्या असतात आणि प्रत्येक वेळी थोडंसंच सोडावं लागतं.

एक प्रसंग मंडळींना मुद्दाम दाखवा. मध्यंतरात नाझी जनरल होफगेनला आपल्या बॉक्समध्ये बोलावतो. हा 'फाउस्ट' नाटकातल्या मेफिस्टो या सैतानाच्या पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यानेच जातो, आणि खाली अख्खं प्रेक्षागृह माना वर करून दोघांकडे बघत राहतं. त्या क्षणी नाटक रंगमंचावर नाही, बॉक्समध्ये चाललेलं असतं. होफगेन झालेल्या ब्रांडाउअरचे डोळे बघा तिथे. भीती आहे, पण त्याहून जास्त सुख आहे. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते त्या सुखानं.

कृष्णधवल:
कादंबरी नंतर वाचा, पण तिची हकिकत चर्चेत जरूर सांगा. क्लाउस मान यांनी ती परागंदा असताना लिहिली, १९३६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापली गेली. होफगेनमागे गुस्ताफ ग्रुंडगेन्स हा खरा नट आहे. नाझी नेता गोरिंगच्या आश्रयाने तो मोठा झाला, आणि एकेकाळी तो मान यांचा मेहुणा होता, बहीण एरिकाचा नवरा. ग्रुंडगेन्सच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाने दावा लावला आणि १९७१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने कादंबरीवरची बंदी कायम ठेवली. युद्धानंतरही ग्रुंडगेन्स जर्मन रंगभूमीवर मानाने वावरला, मेफिस्टोची भूमिकाही पुन्हा केली. म्हणजे हिशेब १९४५ मध्ये मिटला नव्हता.

सांजवात:
जोडीला 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६) सुचवते. पूर्व जर्मनीतली ख्रिस्टा-मारिया हीसुद्धा नटीच, पण मंत्री आणि गुप्त पोलीस तिला अक्षरशः कोंडीत पकडतात. तिचं झुकणं आणि होफगेनचं झुकणं एकाच तागडीत टाकू नये असं मला फार वाटतं. दोन्ही पाहिले की हा फरक मंडळी स्वतःच मांडतील.

विंगेतून:
सांजवात, अगदी मान्य. मात्र होफगेनला सुरुवातीला वाचवता येण्यासारखं खूप होतं, हेही विसरायला नको. बायको देश सोडते, त्याला परत न जाण्याची संधी असते.

कृष्णधवल:
आणखी एक गोष्ट, सिनेमा पाहून झाल्यावरच सांगा. 'मेफिस्टो'चे दिग्दर्शक इस्तवान साबो हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर, विद्यार्थी असताना, हंगेरीच्या गुप्त पोलिसांना माहिती देत होते, हे २००६ मध्ये उघड झालं. यामुळे सिनेमा खोटा ठरतो असं मला वाटत नाही. उलट होफगेनच्या सबबी इतक्या आतून कशा लिहिल्या गेल्या, ते थोडं उमगतं. त्यांचाच 'टेकिंग साइड्स' (२००१) नाझी काळातला जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलर याच्या युद्धानंतरच्या चौकशीवर आहे, तोही पाहण्याजोगा.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी 'मेफिस्टो', पुढच्या महिन्यात 'लाइव्ह्ज ऑफ अदर्स' असं ठरवते. आमच्यात शाळकरी मुलंही येतात, त्यांना बसवू का?

सांजवात:
'मेफिस्टो' लहान मुलांना नको, नग्नता आहे. शिवाय सव्वादोन तासांहून मोठा आहे आणि उपशीर्षकं वाचावी लागतात, तेव्हा जरा लवकर सुरू करा, म्हणजे बोलायला वेळ उरेल.