विंडोज पुन्हा टाकल्यावर सी ड्राइव्ह साफ करताना काय काय उडवलंत?

खारेदाणे:
परवा वहिनीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवलं. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, पण आमचं 'बघू, बघू' चाललेलं.) एसएसडी १२८ जीबीची, दाखवते ११९ च, त्यातले उरले ४. वहिनी म्हणाली, "भावोजी, नवीन टाकलंत ना, मग जागा कमी कशी झाली?" बघतो तर विंडोज डॉट ओल्ड (जुन्या विंडोजचा फोल्डर) २३ जीबी अडवून बसलेलं. घर बदलताना जुनं सामान नव्या हॉलमध्ये ओतून टेम्पोवाला निघून जातो ना, तस्सं.

उडवणार तेवढ्यात २०१७ आठवलं. बाबांच्या पीसीवर विंडोज पुन्हा टाकलं होतं आणि हाच फोल्डर दिसल्या दिसल्या साफ केला होता. दोन दिवसांनी बाबांनी मंडळाचा अहवाल उघडला. 'मा. अध्यक्ष'च्या जागी एबीसीडी, कंस आणि टिंबं. फाइल डी ड्राइव्हवर सुखरूप, पण टाइप केलेली शिवाजी फॉन्टात (इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवणारा जुना फॉन्ट, तो नसला की एबीसीडीच दिसते), आणि फॉन्ट होता विंडोजच्या पोटात. म्हणजे मी फेकलेल्या सामानात. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत स्क्रीनकडे बघितलं.

तुमचंही येऊ द्या.

मेतकूट_भात:
कुकर लावून लिहितेय, तीन शिट्ट्यांत संपवते. सेटिंग्जमध्ये टेम्पररी फाइल्सची यादी येते, तिथे मी भराभर सगळ्या खुणा केल्या. त्यात 'डाउनलोड्स' पण असतं!! लेकीचं हॉल तिकीट, गॅसची पावती, सोसायटीची बिलं, सगळं स्वाहा. रिसायकल बिनमध्येही नाही.

गुपचूप_वाचक:
+१ डाउनलोड्स. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

मेतकूट_भात:
सांगू नकोस 😄

सदाशिव_सेकंडहँड:
एक्सपीच्या काळात आमच्याकडे ४० जीबीची डिस्क, तिचे चार तुकडे, सी ला १० जीबी. महिन्याआड फॉरमॅट. असेंबल करून देणारा मुलगा घरी यायचा, चहा-पोहे खायचा, "काका, डी ला हात लावत नाही" म्हणायचा. एकदा लावला. थोरलीच्या लग्नाचे फोटो होते. आता तिचा मुलगा बारावीला आहे आणि तो विचारतो, आजोबा, पार्टिशन म्हणजे काय.

खारेदाणे:
अरेरे. काका, फोटोग्राफरकडे निगेटिव्ह?

सदाशिव_सेकंडहँड:
डिजिटल नवीन नवीन आलं होतं, त्याची हौस. निगेटिव्ह कुठली.

बिटबाईट:
थोडं कामाचं. विंडोज डॉट ओल्ड नुसतं डिलीट मारून जात नाही, परवानगी मागत बसतं. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, तिथे 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'. घाई नसेल तर १० दिवसांनी आपोआप जातं. पण तोवरच जुन्या विंडोजवर परतता येतं, तेव्हा वहिनींचा प्रिंटर चालतोय का ते आधी बघा. आणि त्यातला 'युजर्स' फोल्डर उघडल्याशिवाय पुसू नका, डेस्कटॉपवरचं सगळं तिथे सापडतं.
हायबरनेटची फाइल (मशीन झोपवताना रॅममधलं जिच्यात साठवतात ती) पण लपून बसते. माझी ८ जीबी रॅम, फाइल ३ च्या वर. हायबरनेट बंद केलं की जाते, फक्त मग फास्ट स्टार्टअपही बंद होतं.

नाटेकर_नॉनस्टॉप:
प्रिंटरचं नाव काढू नका हो. आमचा ११ ला ओळखच दाखवत नाही. स्वस्तातला लेझर सुचवा कोणीतरी, फक्त काळा-पांढरा.

मेतकूट_भात:
@नाटेकर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. शाई संपत नाही.

लोकलपकडू:
ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनच नाही. जागा संपली की आयटीला तिकीट टाकायचं. उत्तर येतं, "कृपया अनावश्यक फाइल्स काढा." मी मीटिंगांची रेकॉर्डिंगं उडवली. कोणी विचारलंही नाही.

खिळेजुळारी:
@खारेदाणे डीटीपी (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम) केलंय म्हणून सांगतो, नवा पीसी की पहिली कॉपी फॉन्ट्स फोल्डरची, मग बाकी संसार. आणि श्री-लिपीचं (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) डोंगल, म्हणजे ते चालवायची यूएसबी किल्ली, पाकिटात. शिवाजी नेटवर मिळतो की, बाबांचं काम थांबलं नसेल?

खारेदाणे:
शिवाजी त्याच संध्याकाळी मिळाला, अहवाल वाचता आला. पण आजीच्या ओव्या बाबांनी उतरवून ठेवल्या होत्या, त्या दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टात. नाव त्यांनाही आठवत नाही. बरेच लावून बघितले, 'ळ' जुळतो तर 'क्ष' बिघडतो.

खिळेजुळारी:
एका पानाचा फोटो टाका. जोडाक्षरं बघून ओळखता येतं कधीकधी.

खारेदाणे:
रात्री टाकतो. बाबांना विचारून.