किट की सुटा कागद?

कुणी विचारलंय, कागदकामाचं दरमहा येणारं किट परवडतं का. नवशिक्याने दोन-तीन महिने जरूर घ्यावं. माझ्या मुलीचा क्विलिंगला, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याला, हात त्यातच बसला. पुढे मात्र अर्धवट डबे साचले, म्हणून बंद केलं. आता बेळगावात खडेबाजारातून ३ आणि ५ मिलिमीटरच्या पट्ट्या, २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) कार्डशीट सुटी आणतो. एका किटमधला जाड कागद तर घडीवरच तडकला, कारण घडी तंतूंना आडवी जात होती. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकेल, त्या घडीच्या रेघेला समांतर तंतू असतात; घडी तशीच घाला. शाई संपलेल्या पेनाने आधी रेघ ओढा, मगच घडी घाला. आणि गणपतीचं मखर करायचं असेल तर सुटा कागदच घ्या हो, किटातला पुरत नाही!