मासेमारीची किमती रिळे घरात सुरक्षित कशी ठेवावीत?

फुगवट्याकाठी (प्रश्न):
नमस्कार. मी सोलापुरात उत्तर कसब्यातील आमच्या जुन्या घरात राहतो आणि गेली अनेक वर्षे सुट्टीच्या दिवशी उजनीच्या फुगवट्यावर, वेळ कमी असेल तर हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकायला जातो. छंद वाढत गेला, तशी रिळेही (गळाच्या काठीवरची, दोर गुंडाळणारी चक्रे) वाढली. आज सात आहेत. पाच शिमानो आणि डायवा या कंपन्यांची स्पिनिंग रिळे असून त्यांतील दोन प्रत्येकी वीस हजारांच्या पुढची आहेत. उरलेली दोन वडिलांनी जपलेली, स्वीडनमध्ये बनलेली जुनी अँबॅसिडर नावाची रिळे आहेत, ज्यांची किंमत मी कधी कोणाला विचारली नाही, कारण ती विकायचीच नाहीत.

आजवर ही सर्व रिळे माडीवरच्या देवळीत कापडी पिशव्यांत ठेवलेली असत. मात्र गेल्या पंधरवड्यात आमच्याच गल्लीत भरदुपारी कुलूप तोडून चोरी झाली आणि तेव्हापासून मला चैन नाही. गड्ड्याच्या यात्रेत आमच्याकडे आठवडाभर पाहुण्यांचा राबता असतो, आणि आल्यागेल्याला कौतुकाने रिळे काढून दाखवण्याची खोडही माझीच आहे. साधारण पंधरा किलोची छोटी तिजोरी घ्यावी, असे मनात आहे. सासरे बँकेचा लॉकर सुचवतात, तर आईचे म्हणणे असे की ज्वारीच्या कणगीत पुरून ठेव, कोणाच्या बापाला सापडणार नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुळे_सोलापूर:
सर्वप्रथम एक विनंती. आपण पेठ, माडी आणि देवळी ही तिन्ही ठिकाणे येथे लिहून मोकळे झाला आहात, तेव्हा तिजोरी येईपर्यंत थांबू नका, जागा आजच बदला. तसेच रविवारी सकाळी धरणावरून माशाचा फोटो टाकणे म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडी पिटणे होय. फोटो घरी परतल्यावरही टाकता येतो.

पंधरा किलोची सुटी तिजोरी चोर उघडत बसत नाही, ती उचलून नेतो आणि सवडीने फोडतो. त्यामुळे वजनापेक्षा ती कशाला जखडली आहे, हे महत्त्वाचे. येथे आपल्या जुन्या घरांची अडचण येते, कारण दगड-मातीच्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाहीत. गवंड्याने कितीही ठोकले तरी दोन हिसक्यांत मातीसकट बाहेर येतात. माझ्या काकांच्या वाड्यात आम्ही शहाबादी फरशी काढून खाली काँक्रीटचा ठोकळा ओतला, त्यात बोल्ट बसवले आणि तिजोरी तळातून आतल्या बाजूने आवळली. फरशीवाल्यासह दोन दिवसांचे काम झाले.

आणखी एक युक्ती सांगतो, जिला पैसा लागत नाही. बहुतेक स्पिनिंग रिळांची समोरची ड्रॅगची (दोरावरचा ताण कमी-जास्त करण्याची) चकती फिरवून काढली की स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेला भाग, हातात येतो. स्पूल एका खोलीत आणि रीळ दुसऱ्या खोलीत ठेवावे. स्पूलावाचून रीळ विकायला गेलेल्याला कोणी धड भाव देत नाही, आणि अशा रिळाची चौकशी करणारा माणूस लक्षातही राहतो.

तेल_आणि_ग्रीस:
वरील सूचना योग्यच आहेत, परंतु चोरापासून जे रीळ वाचेल ते गंजाने जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. पेटी जितकी घट्ट, तितका आतला ओलावा आत कोंडला जातो. विशेषतः आगरोधक तिजोरीच्या भिंतींत जे भरण असते, त्यातच पाण्याचा अंश असतो आणि तो हळूहळू आत उतरतो. कागदपत्रांसाठी ती उत्तम असली तरी रिळांसाठी साधी पोलादी तिजोरी मला अधिक बरी वाटते.

माझीच चूक सांगतो. एका सप्टेंबरमध्ये पावसात भिजून आल्यावर मी रीळ वरवर पुसले आणि थेट तिजोरीत टाकले. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढले, तेव्हा मूठ फिरवताच जात्यावर दळण दळल्यासारखी घरघर आली. पुढचा बेअरिंग पार धरला होता आणि स्पूलाच्या कडेला पांढरी बुरशीसारखी पूड बसली होती. ती बुरशी नव्हती, अॅल्युमिनियम खाल्ले गेले होते. तेव्हापासून ओल्या फडक्याने पुसणे, मग एक पूर्ण दिवस पंख्याखाली वाळवणे आणि त्यानंतरच कुलूप, हा क्रम मी मोडत नाही. नळाची जोरदार धार मारू नये, तिने पाणी आत शिरते. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, अन्यथा आतील चकत्या महिनोन्‌महिने दाबाखाली राहून चपट्या होतात आणि मोठा मासा लागल्यावर दोर सुरळीत न सुटता झटके देत सुटतो.

सिलिका जेलच्या पुड्या अवश्य ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले, असे समजावे आणि ओव्हनमध्ये साधारण 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरावेत. आपल्या मे महिन्यातील 43 अंशांच्या उन्हाचा आपल्याला कितीही अभिमान असला, तरी गच्चीवर पसरून ते काम होत नाही. कापडी पिशव्या घामाचा आणि पाण्याचा ओलावा धरून ठेवतात, म्हणून त्या बाद कराव्यात. मातोश्रींची क्षमा मागून सांगतो, ज्वारीत रीळ पुरू नका. दाण्यातही दमटपणा असतो आणि तिची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस कानस होऊन बसते.

कागद_जपा:
मी स्वतः फटका खाल्ला आहे. घरफोडीत माझी दोन रिळे गेली, तेव्हा तक्रार लिहून घेणाऱ्यांनी "रीळ" हा शब्द ऐकून "गळ व दोरा, किंमत अंदाजे पाचशे रुपये" असे लिहिले. गिरणीच्या गावात रीळ म्हटले की दोऱ्याचेच डोळ्यांपुढे येणार, त्यांचा तरी काय दोष? माझ्याकडे ना बिल होते, ना क्रमांक. आपण आजच प्रत्येक रिळाचे चारही बाजूंनी फोटो काढा, रिळाच्या पायावर (काठीला जोडतात त्या पट्टीवर) किंवा अंगावर जो क्रमांक कोरलेला असेल त्याचा जवळून घ्या, बिले त्यांच्यासोबत ठेवा आणि सर्वांची एक प्रत घराबाहेर असू द्या.

विम्याबद्दलही सांगतो, कारण घराचा विमा असला की कोणत्याही चोरीची भरपाई मिळते, असा अनेकांचा गैरसमज असतो. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या "भारत गृह रक्षा" या घरविम्याच्या पॉलिसीत मूळ संरक्षण आग, पूर, भूकंप अशा आपत्तींचे आहे, आणि चोरीची भरपाई त्या आपत्तीमुळे तिच्यानंतर 7 दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच आहे. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते, आणि त्यात ही रिळे नावानिशी व किमतीसह नोंदवून घ्यावीत. बँक लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अपहारात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत आहे. दर रविवारी लागणाऱ्या रिळांसाठी लॉकर निरुपयोगी आहे. वडिलांच्या दोन रिळांसाठी मात्र सासऱ्यांचे म्हणणे मी मानले असते.

फुगवट्याकाठी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवळी कालच रिकामी केली आणि आता कोठे काय ठेवले आहे, ते येथे लिहीत नाही. गवंड्याला फरशी दाखवून झाली आहे. वडिलांची दोन्ही रिळे पुसून, वाळवून, ड्रॅग सैल करून लॉकरमध्ये जातील. त्यांतील एकाच्या पायावरचा क्रमांक इतका झिजला आहे की भिंगाखाली तिरपा उजेड धरून वाचावा लागला. आईला ज्वारीचे कारण समजावून सांगितले. "मग एवढी वर्षे माझ्या पाटल्या कशा टिकल्या?" असे तिने विचारले. सोने गंजत नाही हे तिला पटले, पण आता कणगीचीही जागा बदलावी लागणार आहे.