व्याकरणाचे तक्ते: व्याख्यांचे उतरवा, रूपांचे ठेवा

तिसरीची_बाई

प्राथमिकच्या वर्गात व्याकरणाचे तक्ते असावेत की नसावेत, यावरून शिक्षकांत नेहमी दोन तट पडतात. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. कशाचा तक्ता, हे आधी ठरायला हवं. माझं मत असं: व्याख्यांचे तक्ते उतरवावेत, रूपांचे ठेवावेत.

व्याख्यांचा तक्ता सगळ्यांनी पाहिलेला आहे. ‘नाम: व्यक्ती, वस्तू, ठिकाण यांचे नाव.’ ‘क्रियापद: क्रिया दाखवणारा शब्द’, आणि शेजारी धावणाऱ्या मुलाचं चित्र. आठ जाती, आठ रंग, आठ चौकटी. आता तिसरीतल्या मुलापुढे ‘धावणे आरोग्याला चांगले असते’ हे वाक्य ठेवा. मूल ‘धावणे’ या शब्दाखाली क्रियापदाची रेघ ओढतं, कारण चित्रातला मुलगा धावतोय. ‘असते’कडे त्याचं लक्षही जात नाही, असण्याचं चित्र काढणार तरी कसं? मुलाने तक्त्याचं तंतोतंत ऐकलं आणि उत्तर चुकलं.

‘वर’ हा शब्द घ्या. ‘वर बघ’ म्हटलं की क्रियाविशेषण, ‘झाडावर’ म्हटलं की शब्दयोगी, ‘राजाने वर मागितला’ म्हटलं की नाम. कुठल्या रंगाच्या चौकटीत टाकायचा? ‘ती आली’ यातली ‘ती’ सर्वनाम, ‘ती मुलगी आली’ यातली विशेषण. शब्दाची जात त्याने वाक्यात केलेल्या कामावरून ठरते, आणि तक्ता शब्दाला वाक्यातून उपटूनच चौकटीत बसवतो. म्हणजे शिकवायची मुख्य गोष्टच झाकली गेली.

रूपांचं तसं नाही. अनेकवचन बघा: घोडा–घोडे, पण दगड–दगड आणि खडू–खडू. वीट–विटा, पण भिंत–भिंती. नदी–नद्या, घर–घरे, तळे–तळी, पाखरू–पाखरे. विटेला ‘आ’ आणि भिंतीला ‘ई’ का, हे आठ वर्षांच्या मुलाला डोकं चालवून सापडणार नाही. ते बघायचं, लिहायचं, हात रुळेपर्यंत पुन्हा बघायचं. सामान्यरूपही तसंच. विहीर–विहिरीत, फूल–फुलाला, पाऊस–पावसात. ‘प्रत्यय लागताना उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होतात’ हा नियम दहादा सांगितला तरी वहीत ‘विहीरीत’ येतंच. लिहिताना मान वर केली की नमुन्याचे चार शब्द दिसले, तर मात्र ते कमी होत जातं.

एक अट: हा तक्ता छापील नको. रिकाम्या रकान्यांचा मोठा कागद लावावा आणि वाचताना सापडेल तो शब्द मुलांनीच त्यात लिहावा. कुठल्या रकान्यात, यावर त्यांनी भांडावं. व्याकरण त्या भांडणात शिकून होतं.

जुना_फळा

पहिल्या अर्ध्या भागाशी पूर्ण सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

तुम्ही दिलेली बहुतेक सगळी रूपं मराठी बोलणारं मूल शाळेत येण्याआधीच बरोबर वापरतं. ‘भिंता रंगवल्या’ असं कोण मूल म्हणतं? जे कानात पक्कं आहे ते भिंतीवर टांगून आपण मुलाला काय सांगतो? की तुझ्या कानावर विश्वास ठेवू नकोस, कागद बघ. शिवाय तक्त्यावर ‘घरे’, तोंडात ‘घरं’. तक्त्यावर ‘फुले’, तोंडात ‘फुलं’. मूल पहिल्याच आठवड्यात समजून चुकतं की शाळेतली भाषा वेगळी आणि आपली चुकीची. घरी ‘मी गेली’ म्हणणारी मुलगी तक्त्यावर ‘मी गेले’ वाचते आणि वर्गात बोलणंच कमी करते.

आणि भिंतींबद्दल. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या २४ मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सुमारे ४२ टक्के आली. मोकळ्या खोलीत सुमारे ५५ टक्के. लहान मुलाला नजर आवरणं अवघड असतं, हे त्याच्याशी रोज वावरणाऱ्याला सांगायला नको.

तक्त्याऐवजी मी वाक्य बदलायला लावतो. ‘मोठा मुलगा पळाला.’ मुलाच्या जागी मुलगी आण, आणखी काय बदललं? ‘मोठी’ आणि ‘पळाली’ आपोआप येतं. मग ‘मुलाने चेंडू फेकला.’ मुलाच्या जागी मुलगी आणली तरी ‘फेकला’ तसंच राहतं! चेंडूच्या जागी दोरी आणल्यावर मात्र ‘फेकली’. वर्गात एकदम गलका होतो. क्रियापद आधी कर्त्याचं ऐकत होतं, आता कर्माचं ऐकतंय, हे मुलांनी स्वतः पकडलेलं असतं. ‘प्रयोग’ हा शब्द पुढे दोन-तीन वर्षांनी आला तरी चालेल.

दुसरी_भाषा

जुना फळा सर, तुमचं सगळं म्हणणं एका गृहीतावर उभं आहे: मुलाचा कान तयार आहे. मी ज्यांना शिकवते त्यांच्या घरी मराठी बोललीच जात नाही. त्यांना ‘बदलून बघ, काय बरं वाटतं’ असं विचारलं तर काहीच बरं किंवा वाईट वाटत नाही.

तो पेला, ती वाटी, ते भांडं. तिन्ही एकाच फळीवरची, तिन्हींचं लिंग वेगळं. ज्या भाषांत दोनच लिंगं आहेत किंवा एकही नाही, तिथून आलेल्या मुलाने ते कुठून आणायचं? आणि एकदा लिंग चुकलं की विशेषण चुकतं, क्रियापद चुकतं, षष्ठीचा ‘चा-ची-चे’ चुकतो. एका शब्दाची चूक अख्ख्या वाक्यभर पसरते. म्हणून माझ्या वर्गात तो-ती-ते असे तीन रकाने वर्षभर असतात. ‘पुल्लिंग’ वगैरे नावं मी त्यावर लिहीतच नाही, फक्त तो, ती, ते.

रंगाबद्दल एक सूचना, दोन्ही बाजूंसाठी. नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं, आणि प्राथमिकच्या वयात ते पुष्कळदा कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. मॉन्टेसरी पद्धतीत नामाला मोठा काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल वर्तुळ असतं. विशेषणाला निळा त्रिकोण, नामापेक्षा लहान. रंग दिसला नाही तरी आकार दिसतो. आणि ही चिन्हं वाक्यातल्या शब्दांच्या डोक्यावर ठेवतात. बाईंचा ‘वर’ तिथे अडत नाही, कारण वाक्य बदललं की त्याच्यावरचं चिन्हही बदलतं.

तिसरीची_बाई

चिन्हं वाक्यावर ठेवण्याची कल्पना मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप शब्द वाक्याबाहेर काढण्याला होता.

सर, २०१४ च्या त्या अभ्यासात भिंतींवर जे होतं त्याचा चालू पाठाशी संबंध नव्हता. चित्रं, नकाशे, इतर विषयांचे तक्ते, मुलांची कलाकुसर. त्यावरून एवढंच निघतं की बिनकामाचं उतरवा. लिहिताना लागणारा एक कागद समोर असू नये, असं त्यातून निघत नाही.

‘घरे’ आणि ‘घरं’ यावर मात्र तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच माझ्या कागदावर दोन्ही लिहितात: बोलताना ‘घरं’, लिहिताना ‘घरे’. एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. कुठलं कुठे, एवढंच.

ओळ_हरवते

मी शिक्षक नाही. माझ्या मुलाला वाचन जड जातं, म्हणून इथे लिहितो आहे.

व्याख्यांचे तक्ते काढा, हे तुम्हा सगळ्यांना सहज वाटतंय. माझ्या मुलाच्या बाजूने बघा. ‘विशेषणे अधोरेखित करा’ असा प्रश्न येतो. त्याला वाक्य वाचायलाच सगळी ताकद लागते. त्यातच विशेषण म्हणजे कुठलं ते, हेही आठवायचं. दोन्ही एकदम होत नाही, आणि मग तो पेन्सिल खाली ठेवतो. त्याला ‘मोठा’, ‘लाल’, ‘चार’ हे शब्द कसं काम करतात ते उत्तम कळतं. नाव निसटतं. ते नाव समोर लिहिलेलं असेल तर तो प्रश्न सोडवतो. अशा मुलांना तक्ता काढून घेणं म्हणजे विषयच काढून घेणं आहे.

पण तो भिंतीवर नको. मान वर, मान खाली, आणि खाली आल्यावर आपण कुठल्या ओळीवर होतो ते सापडत नाही. आम्ही पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा केला आहे, तो वहीशेजारी राहतो. त्यावर व्याख्या नाहीत, प्रश्न आहेत. विशेषण: कसा? केवढा? किती? क्रियाविशेषण: कुठे? केव्हा? कसं घडलं? आणि प्रत्येकाखाली एक पूर्ण वाक्य.

जुना_फळा

तुमच्या मुलाला तो पुठ्ठा जरूर द्या. त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. माझा विरोध आहे तो त्याच्यासाठीची सोय अख्ख्या वर्गाच्या हातात कायमची देण्याला. चालता येणाऱ्याला कुबडी दिली तर त्याचे पाय कमजोर होतात.

आठवणीबद्दल चांगलं संशोधन आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. त्यांचे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होते हे खरं, पण भिंतीवर उत्तर कायम टांगलेलं असेल तर कुठल्याच वयाचं मूल आठवायचा प्रयत्न करणार नाही.

आणि बाईंच्या ‘रूपांच्या’ तक्त्यांत सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी तक्ता बसतो, त्याचं काय? विभक्तीचा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन ओळी शब्दशः सारख्या! ‘मुलाला बोलाव’ आणि ‘मुलाला वही दे’ यांत फरक काय, हे तो तक्ता जन्मात सांगू शकत नाही. त्यातला ‘ते’ कवितेबाहेर कुणी वापरतही नाही. पिढ्यान् पिढ्या मुलं तो घोकतात आणि ‘ला’ दिसला की डोळे मिटून द्वितीया लिहितात.

काळांचा बाणही तसाच. डावीकडे भूत, मध्ये वर्तमान, उजवीकडे भविष्य. मग आतून हाक येते, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं, माणूस अजून जागचा हललेला नाही. ‘उद्या येतो.’ रूप वर्तमानाचं, गोष्ट उद्याची. मराठी मूल हे दिवसातून दहा वेळा ऐकतं आणि तक्ता त्याला सांगतो की असं काही नसतं.

तिसरीची_बाई

विभक्तीचा तक्ता मी वर्गात लावत नाही आणि लावणारही नाही. प्राथमिकच्या मुलाला प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो एवढं पुरे. द्वितीया की चतुर्थी हा अर्थाचा प्रश्न आहे, त्याचं वय नंतर येतं.

बाणावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. जमिनीवर खडूने रेघ मारा, मध्ये ‘आत्ता’ लिहा आणि ‘आलोच’ची चिठ्ठी एका मुलाच्या हातात द्या. कुठे उभा राहशील? काही जण त्याला डावीकडे ओढतात, काही उजवीकडे. रूप एक सांगतं, वेळ दुसरी सांगते, हे वेगळं करून पाहणं त्या रेघेमुळेच जमतं. रेघ नसती तर ‘आलोच’ नेहमीसारखं कानावरून गेलं असतं. तुम्ही चेंडू आणि दोरीने जे करता तेच हे आहे, फक्त डोळ्यांना दिसेल असं.

आठवून लिहिण्याचा मुद्दा मी उचलते. अनेकवचनाचा कागद भरला की मी उजवा रकाना कागदाने झाकते. आधी लिहा, मग उघडून ताडून बघा. आठवावंही लागतं आणि अडलेल्याला आधारही राहतो.

स्वल्पविराम

मग कागद उतरवायचा केव्हा? परीक्षेच्या दिवशी उतरवला तर मुलं रिकाम्या भिंतीकडे बघत बसतात.

तिसरीची_बाई

परीक्षेच्या दिवशी कधीच नाही. मुलं त्याच्याकडे बघायची थांबली की उतरवायचा, आणि ते वर्गाच्या पाठीमागे उभं राहिलं की लगेच कळतं. पाच-सहा मुलं अजून बघत असतील तर त्यांच्यापुरता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यायचा. भिंत पुढच्या घटकासाठी मोकळी.

दुसरी_भाषा

अनेकवचनाला हे चालेल, लिंगाला नाही. अनेकवचनाला निदान काही नमुने आहेत. चार-पाच शब्द आले की सहावा साधता येतो. लिंग बऱ्याचदा शब्दागणिक शिकावं लागतं, आणि ‘वेळ’, ‘ढेकर’, ‘बाग’ अशा शब्दांचं तर मराठी माणसांतही एकमत नसतं. माझे तीन रकाने वर्ष संपेपर्यंत राहणार. रोजचा नवा शब्द त्यांत जाईल, आणि पक्के झालेले शब्द मुलं स्वतः खोडतील.

जुना_फळा

मुलांनी खोडलेला शब्द महिन्याने तोंडी विचारून बघा. तो बरोबर आला तर तुमचं म्हणणं मी मानेन. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांच्या वर्गात मात्र मी भिंत रिकामीच ठेवणार.