मदत हवी आहे: मेक्सिकन लाल मिरचीचा सॉस कडूजहर होतोय

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला येऊन वर्ष झालं. शेजारच्या मेक्सिकन आजींकडे एन्चिलादा (सारण भरून गुंडाळलेल्या, सॉसमध्ये माखलेल्या मक्याच्या पोळ्या) खाल्ले तेव्हापासून तो लाल सॉस डोक्यातून जात नाही. रंग आपल्या कटासारखा, पण तिखट बेताचा, टोमॅटो नाही आणि मागे मनुकांसारखी गोडसर आंबट चव. आजींना इंग्रजी जेमतेम, माझं स्पॅनिश शून्य. त्यांनी मिरच्यांची पाकिटं दाखवली: ग्वाहियो आणि आंचो.

रविवारी ८ ग्वाहियो, ३ आंचो घेतल्या. देठ, बिया काढल्या. कांदाखोबऱ्याच्या वाटणाला भाजतो तशा काळपट होईस्तोवर भाजल्या, गरम पाण्यात भिजवल्या आणि त्याच पाण्यात लसूण, चमचाभर जिरं घालून मिक्सरला फिरवल्या. कडू! शिवाय सालींचे कपटे दातात. साखर घातली, तर आणखीच बिघडला. नवरा म्हणाला, "काढा छान जमलाय."

काय चुकलं? घरातली ब्याडगी चालेल का? की सरळ इथली चिली पावडर घालू?

प्रतिसाद १
भाजण्यातच घोटाळा आहे. या मिरच्या नुसत्या शेकायच्या. मध्यम आचेवरच्या तव्यावर दाबून प्रत्येक बाजूला १०-१५ सेकंद. वास सुटला की उचला. काळी पडली की कडू झालीच, मग साखर काही करत नाही. भिजवा १५-२० मिनिटं, पण ते पाणी आधी चाखा. कडू लागलं तर फेका, साधं पाणी किंवा चिकनचं पाणी घ्या.

ग्वाहियोची साल चिवट असते, मिक्सर कितीही चांगला असो. गाळणीतून दाबून गाळा, चोथा टाका. आणि खमंगपणा हवाय ना, तो इथे येतो: दोन चमचे तेलात (त्यांच्याकडे डुकराची चरबी) गाळलेला सॉस ओतून ८-१० मिनिटं परता. कच्चा वास जातो, रंग गडद होतो. मीठ तेव्हाच. जिरं पाव चमचा पुरे, नाहीतर आमटी होते.

प्रतिसाद २
ब्याडगीने रंग येईल, पण मनुकांची चव यायची नाही. ती आंचोची, आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो, तिथली मोठी, कमी तिखट मिरची. सॅन अँटोनिओत राहून ब्याडगी कशाला? तिखट हवं तर एखादी चिले दे आर्बोल (बारीक, तिखट सुकी मिरची) टाका. तिथल्या चिली पावडरीत बहुधा जिरं, लसूण, ओरेगानो आधीच मिसळलेलं असतं, तिचा नाद सोडा. ओरेगानोही मेक्सिकन घ्या. पिझ्झावरचा पुदिन्याच्या कुळातला, हा वेगळ्याच कुळातला.

धागाकर्ती
काल पुन्हा केला. कडू नाही! तेलात ओतताना ओटाभर लाल शिंतोडे उडाले, तेवढं कुणी आधी सांगायचं होतं. वाटीभर आजींकडे पाठवला. त्यांनी बोट बुडवून चाखला, "साल" म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, साल तर गाळली! नातवाने सांगितलं, साल म्हणजे मीठ.

उरलेला फ्रीजरमध्ये किती दिवस टिकेल?